कोरड्या तळ्यातली छावणी

तळं मी भाद्रपदात पाहिलं आणि तळ्याकाठचं शिबिर मे महिन्यात ठेवलं.

चूक एवढीच. पुण्या-मुंबईच्या माणसानं केली असती तर लोकांनी सोडून दिलं असतं. मी मराठवाड्यातला, मुदखेडचा. हात धुतलेलं पाणी कुंडीत ओतणाऱ्या घरात वाढलेला. आणि लातूरच्या शाळेत मी भूगोल शिकवतो, हे खरं तर इथं सांगायला नको होतं.

त्याचं असं झालं, जळकोटच्या पुढं एका गावात मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीनं पोह्यांची बशी ठेवता ठेवताच मला नापसंत केलं, हे मध्यस्थ मामांनी परतीच्या वाटेवर कळवलं. जरा वारा खावा म्हणून एका तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी थांबवली, तर समोर काठोकाठ पाणी. बगळे, लाटा, एक नाव, नावेत एक म्हातारा. त्या दिवशी कुणीतरी कुणालातरी पसंत पडणं फार गरजेचं होतं. मला तळं पसंत पडलं. तिथूनच सरांना फोन केला, "सर, जागा सापडली."

सर म्हणजे आमच्या शाळेतले इतिहासाचे सर. दरवर्षी मे महिन्यात पोरांना सात दिवस बाहेर नेऊन तंबूत ठेवायचं, हे त्यांचं शिबिर. शाळेत माझ्या आधीपासून चालू होतं, आणि ते येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. मला त्यांनी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात गाठून सांगितलं होतं, "तुम्ही आमचा पेशखाना." मला वाटलं शिवी आहे. मग त्यांनी समजावलं, की मोगल बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात बादशहा झोपलेला असायचा, तेव्हा दुसरा संच पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहायचा. त्या पुढं जाणाऱ्याला पेशखाना म्हणत. म्हणजे जागा शोधायचं काम माझं. चुकायचं कामही माझ्याकडंच आलं ते त्यामुळं.

सरांचं म्हणणं साधं होतं. जगाचा इतिहास हा छावण्यांचा इतिहास आहे, राजवाडे ही मधली विश्रांती. ते वर्गात लढाया शिकवतच नसत. "लढाई काय, दुपारपर्यंत संपते," ते म्हणायचे. "त्याआधी तीन महिने एवढी माणसं राहिली कुठं, खाल्लं काय, आणि सकाळी गेली कुठं ते विचारा." त्यामुळं आमच्या शाळेची पोरं परीक्षेत पानिपतावर तीन पानं लिहायची. त्यातली पावणेतीन छावणीत धान्य कसं संपलं यावर. लढाईला शेवटची एक ओळ, 'नंतर लढाई झाली.' मार्क जायचे. सर म्हणायचे, जाऊ द्या.

'सकाळी गेली कुठं' हा त्यांचा खास विषय. कुठल्याही लग्नाला गेले की ते आधी मंगल कार्यालयाच्या मागं जात. रुमाल वर धरून वारा बघत, मग संडासापासून सैपाकघरापर्यंत पावलं मोजत. आमच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडत असताना हे मांडवात येऊन नवऱ्या मुलाच्या वडिलांना म्हणाले, "अठ्ठावीस पावलं. अशा छावणीत तिसऱ्या दिवशी हगवण सुरू होते." वडील म्हणाले, "लग्न एकच दिवसाचं हाय, गुरुजी." सर म्हणाले, "मग ठीक," आणि जेवायला बसले.

त्यांच्याकडं एक लांबोडकी वही होती. जगात जेवढ्या म्हणून छावण्या झाल्या त्या सगळ्या तिच्यात. रोमनांची चौकोनी छावणी, प्लेगात गावं सोडून लोक रानात राहिले त्या झोपड्या, रझाकारांच्या वेळी सरहद्दीपलीकडं निघालेले कॅम्प, धरणाच्या कामावरच्या मजुरांचा कॅम्प. आणि आपल्याकडचं कुठलंही शिबिर त्यांना वर्ज्य नव्हतं. मोफत नेत्रतपासणी शिबिराचा आतून अभ्यास करायचा म्हणून ते एकदा रांगेत बसले. रांग हलली तसे हलत गेले, कुणी डोळ्यात थेंब टाकले ते टाकू दिले, कुणी हिरवा झगा घातला तो घालू दिला. शेवटच्या टेबलावर डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून विचारलं, "बाबा, तुमचा मोतीबिंदू कुठाय?" सर म्हणाले, "मला नाही. मी व्यवस्था बघतोय."

दुष्काळातल्या चारा छावणीचं तर आमच्या शिक्षककक्षात अजून सांगतात. छावणीत जनावराशिवाय प्रवेश नव्हता. सरांनी शेजाऱ्याची म्हैस मागून घेतली आणि तिच्याबरोबर अकरा दिवस राहिले. पेंढीच्या वाटपाची पद्धत, पाण्याची हौदी, शेणाची विल्हेवाट, सगळं वहीत आलं. बाराव्या दिवशी सर निघाले, म्हैस निघेना. तिला तिथं करमायला लागलं होतं. शेजारी रागानं चार दिवस बोलला नाही. सर म्हणाले, "तिला समजलं ते तुला समजत नाही."

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते जरा हळवे झाले. दहा वर्षांचे असताना चुलत्यानं त्यांना विहारातल्या श्रामणेर शिबिरात बसवलं होतं. डोक्याचा गोटा, अंगावर चीवर, दिवसातून एकच जेवण, संध्याकाळी वंदना. वडील मजुरीवर, घर एका खोलीचं, त्यात सात माणसं. "तिथं मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाची जागा मिळाली," सर म्हणाले. "चटई एवढीशी होती. पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचे पाय नव्हते."

वहीचे तीन भाग होते. स्वतःहून गेलेल्यांच्या छावण्या, पाठवलेल्यांच्या छावण्या आणि कोंडलेल्यांच्या. तिसरा भाग ते फळ्यावर कधी मांडत नसत. तारांच्या कुंपणात माणसं कोंडून मारली, त्या छावण्यांविषयी नववीतल्या एका पोरानं विचारलं, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि एवढंच सांगितलं, "जिला बाहेरून कडी असते ती छावणी नव्हे." त्यांच्या शिबिराला म्हणून फाटक नसायचं. दोरीसुद्धा नाही. ज्या पोराला घरी जावंसं वाटेल त्याला त्याच दिवशी एसटीत बसवून द्यायचं, हा नियम.

आणि नेमकं इथंच संस्थेच्या सचिवसाहेबांनी बोट ठेवलं.

"सर, सगळं लातूर उन्हाळ्यात व्हेकेशन बॅच लावून राहिलं," सचिवसाहेब म्हणाले. "आपण एकटे पोरं तळ्यावर घेऊन चाललोत. पालक मला विचारतात, तिथं काय शिकवून राहिले?"

"राहायला," सर म्हणाले.

"असं करा. बेचाळीस पोरं नेऊन राहिलात ना? सातव्या दिवशी मी स्वतः येतो. बेचाळीस दाखवा. एक जरी पोरगं मधूनच घरी आलं, तर पुढच्या वर्षीपासून शिबिर बंद, बॅच चालू."

सरांनी मान डोलावली. जूनमध्ये ते जाणार होते. आपण गेल्यावर मागं हे शिबिर राहावं, यापलीकडं त्यांना काही नको होतं. मी पत्रक काढलं. त्यात पोहणे, नौकानयन आणि पक्षीनिरीक्षण असं ठळक छापलं.

मे महिन्यातल्या त्या सकाळी बस पाळीवर थांबली. पोरं टॉवेल घेऊनच उतरली. खाली भेगाळलेली राखाडी जमीन क्षितिजापर्यंत, आणि तिच्या बरोबर मधोमध ती नाव, एका कुशीवर कलंडलेली.

"सर, पाणी कुठाय?" सातवीतल्या प्रज्ञानं मला विचारलं. ही मुलगी वर्गातही असलेच प्रश्न विचारते.

"आटलंय," मी म्हणालो.

"कधी?"

"हळूहळू."

मी सरांकडं बघायचं टाळत होतो. सर खाली उतरले, तळ्याच्या मध्यापर्यंत चालत गेले, रुमाल वर धरला, पावलं मोजली आणि तिथूनच ओरडले, "उत्तम! डास नाहीत आणि शत्रू चारी बाजूंनी दिसतो. उतरवा सामान!"

तळ्याकाठच्या शिबिराला मग रोज पाण्याचा टँकर येऊ लागला. मी म्हटलं, सर, पत्रकातले कार्यक्रम बदलून टाकू. ते म्हणाले, "छापलंय ना? मग होणार." आमच्याबरोबर आलेल्या क्रीडाशिक्षिका बाईंनी पोरांना भुश्शाच्या पोत्यांवर पालथं झोपवलं आणि हातपाय मारायला लावले. बाई स्वतः राज्य पातळीवर पोहलेल्या. तीन दिवसांत त्यांनी धुळीत बेचाळीस पोहणारे तयार केले. पक्षीनिरीक्षणाला एक टिटवी होती. बेचाळीस जणांनी एकदम निरीक्षण केल्यावर दुसऱ्या दिवशी ती निघून गेली.

नौकानयन मात्र रंगलं. नाव ज्याची होती तो म्हातारा भोईमामा पाळीखालीच राहायचा, आणि त्याची बायको आमचा सैपाक करायची. पोरं सहा-सहा जण नावेत बसायची आणि हवेत वल्ही मारायची. मामा जमिनीवर उभा राहून ओरडायचा, "डावीकडं मारा, डावीकडं! आरं भोवऱ्यात चाललात की!"

"मामा, पाणीच न्हाई," प्रज्ञा म्हणाली.

"म्हणूनच वाचून राहिलीस. मार वल्हं."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर जेसीबी आला, मागं ट्रॅक्टरांची रांग. तळं आटलं की आसपासचे शेतकरी गाळ काढून शेतात नेतात. मे महिन्यात कुठल्याही तळ्यात हेच चालतं. भूगोलाच्या शिक्षकाला हेही ठाऊक असायला हरकत नव्हती. जेसीबी सकाळी तळ्याचा एक घास घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत आमच्या तंबूंच्या आणखी जवळ यायचा. ड्रायव्हर खाली वाकून सांगायचा, "गुरुजी, उद्या तुमचं सैपाकघर माझ्यात येतंय बघा."

सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. सबंध नोकरीत त्यांना हलती छावणी मिळाली नव्हती. रोज पहाटे मला पुढं पाठवून नवी जागा आखून घ्यायचे आणि नाश्त्यानंतर बेचाळीस पोरं, अकरा तंबू, भांडी, पोती आणि नाव असा सगळा सरंजाम दोनशे पावलं पुढं सरकायचा. नाव का, असं मी विचारलं. "तोफखाना मागं ठेवत नसतात," सर म्हणाले.

पोरांना मात्र मोगल नको होते, जेसीबी हवा होता. ड्रायव्हरनं कबूल केलं की रोज सात जणांना वर शेजारी बसवून भोंगा वाजवू देईन. सरांनी नावांची यादी लावली. सगळ्यांचा नंबर लागायला बरोबर सातवा दिवस उजाडणार होता. हा हिशेब सरांनी केला होता की योगायोगानं जुळला, मला अजून माहीत नाही.

आणि आता माझी दुसरी चूक.

चौथ्या दिवशी ऊन असं तापलं की टिटवी गेली ते बरंच झालं असं वाटलं. सरांनी वही काढून कुठल्यातरी वाळवंटी फौजेची युक्ती शोधली. दुपारी मंगल कार्यालयातून आणलेल्या पांढऱ्या चादरी ओल्या केल्या आणि पोरांना शामियान्यात ओळीनं झोपवून डोक्यापर्यंत पांघरल्या. पाच मिनिटांत सगळी गार झोपली. दृश्य इतकं शिस्तीचं होतं, की मी फोटो काढला, पाळीवर रेंज यायची तिथं चढून गेलो आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहायला काही सुचलं नाही. हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि खाली उतरलो. खाली रेंज नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला पाळीवर चौदा गाड्या उभ्या राहिल्या.

सरांनी दुर्बीण लावली. "वेढा," ते शांतपणे म्हणाले. "स्त्रियाही आहेत."

पोरं तेव्हा नावेत आणि नावेभोवती होती, गाळाच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. पाळीवरून पालकांना काय दिसलं असेल ते दिसलं असेल. एका आजीनं हंबरडा फोडला. मी 'जिवंत आहेत, जिवंत आहेत' म्हणत हात हलवत धावलो, त्यानं तर आणखी चार जणी रडायला लागल्या. ज्यांनी आपापली पोरं ओळखली त्यांनी ती आधी कुरवाळली, मग बदडली. मग सगळे माझ्याकडं वळले.

"मास्तर, डोस्कं हाय का ठिकाणावर?" प्रज्ञाचे वडील. नांदेडकडं ते झेंडूची शेती करतात. सकाळपासून बाजारात होते, तिथूनच निघाले होते. "पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लेकरं, अन् वरून हात जोडून राहिले तुम्ही!"

"झोपली होती..."

"अन् तळं कुठाय? पाण्यावर म्हणून पाठवलं लेकरू, हितं वाळवंट दाखवून राहिले!" एक बाई म्हणाली. "चल गं, बस गाडीत."

"चला, चला," सगळीकडून सुरू झालं. मी पळत जाऊन सरांच्या कानात म्हणालो, "सर, एक गेलं तरी शिबिर संपलं. पाळीच्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावायला सांगू? नुसता अर्धा तास. राग उतरेल."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी वहीच्या तिसऱ्या भागात जाऊन पडलो. मग ते पोत्यावर उभे राहिले.

"वाट मोकळी आहे," ते म्हणाले. "ज्याला जायचंय त्यानं जायचं. पण पालकांनी विचारायचं नाही. मी विचारतो." आणि पोरांकडं वळून, "कोण कोण जाणार?"

कुणी हललं नाही.

"माझा नंबर सहाव्या दिवशी हाय," प्रज्ञा वडिलांना म्हणाली.

"कशाचा?"

"भोंग्याचा."

"घरी चल, आपल्या ट्रॅक्टरचा वाजव."

"बाबा, त्यो पीं वाजतो. ह्यो जेसीबी हाय."

वडील उगाच खाली वाकले, मूठभर गाळ उचलला, चोळला, हुंगला. "मास्तर," आवाज एकदम बदलला, "हा गाळ कुणाला देऊन राहिले?"

"ज्याला न्यायचा त्याला," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"कारखान्याच्या मळीसारखा हाय हो. झेंडू असा येईल!" आणि त्यांनी गाडीची डिकी उघडली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो. अर्ध्या तासात चौदा गाड्यांच्या डिक्या भरल्या. रडणाऱ्या आजीनं तुळशीपुरता म्हणून पदरात बांधून घेतला. माणसं पोरं न्यायला आली होती, ती तळं घेऊन गेली.

एक पोरगा मात्र खरंच हुंदके देत होता. पाचवीतला, पहिल्यांदाच घराबाहेर आलेला. त्यानं हळूच हात वर केला. मी त्याचा हात खाली करायला निघालो होतो, तेवढ्यात सर त्याच्याजवळ पोचले. त्याची पिशवी स्वतः भरली, टॉवेलची घडी घातली, त्याला वडिलांच्या गाडीत बसवलं आणि म्हणाले, "वही आहे का घरी? मग लिही, चार दिवस राहिलो. चार दिवस खूप असतात." गाडी गेली. सर तिच्या धुळीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. एक्केचाळीस. मी काही बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "जेवणाची वेळ झाली."

सातव्या दिवशी सचिवसाहेब आले. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि डोक्यांना बोट लावत मोजलं. मी डोळे मिटून घेतले.

"त्रेचाळीस," सचिवसाहेब म्हणाले. पुन्हा मोजलं. "त्रेचाळीसच. सर, एक वाढलंय."

वेढ्याच्या दिवशी पालकांबरोबर दोन धाकटी भावंडं आली होती. भोंग्याच्या यादीत नाव घातल्याशिवाय ती गाडीत बसायला तयार नव्हती. शेवटी आईबापांनी ठेवून दिली. सचिवसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटलो. गप्प बसायचं.

"वाढलंय खरं," सर म्हणाले, "पण एक गेलंसुद्धा. पाचवीतला. मी स्वतः गाडीत बसवला. दोन नवीन आलीत."

सचिवसाहेब बोटांवर काहीतरी करत राहिले. एक गेलं तर बंद, हे त्यांनी ठरवलं होतं. दोन आली तर काय, हे ठरवलंच नव्हतं. तोवर रांग मोडून नावेत जाऊन बसलेली प्रज्ञा ओरडली, "साहेब, आत या, बुडाल तिथं!" आणि संस्थेचा सचिव दचकून नावेत चढला.

नावेतून उतरले तेव्हा पँट राखाडी झाली होती. ती झटकत म्हणाले, "व्हेकेशन बॅचमधून निम्मी पोरं पळून जातात हो. इथं वाढून राहिली." मग म्हणाले, "चालू ठेवा. पण तुम्ही तर जूनमध्ये चाललात. पुढच्या वर्षापासून कोण बघणार?"

मी शर्टाची बटणं लावली. जागा मी शोधली होती. रोज पहाटे दोनशे पावलं पुढं मी जात होतो. इतक्या वर्षांत सरांच्या इतक्या जवळ कुणी काम केलं नव्हतं. मी चेहरा शक्य तेवढा जबाबदार केला.

"क्रीडाशिक्षिका बाई," सर म्हणाले, आणि ती लांबोडकी वही पिशवीतून काढून बाईंच्या हातात दिली.

सामान बसवर चढलं. पोरं टपावरच्या तंबूंकडं बघत गाणी म्हणत होती. मला राहवेना. मी सरांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "सर, तुमच्या वहीत एवढ्या छावण्या आहेत. इतक्या लोकांत माझ्यासारखा माणूस कुठं होता का?"

सरांनी विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं, ते मनातल्या मनात पानं उलटत होते.

"होता की," ते म्हणाले. "हरलेल्या प्रत्येक छावणीत एक होताच."